पॉवर बीआय आणि स्नोफ्लेकची जोडणी: क्वेरी कोणाच्या नावाने, केव्हा आणि किती खर्चात

सातारा भागातील एका दूध संघाच्या माहिती विभागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संघाने संकलनाची सगळी माहिती स्नोफ्लेक या क्लाउडवरच्या डेटाबेस सेवेवर नेली असून तिच्यावर पॉवर बीआयचे डॅशबोर्ड उभे केले आहेत. जोडणी डायरेक्ट क्वेरी पद्धतीची आहे (प्रत्येक क्लिकला स्नोफ्लेककडे विचारणा, म्हणजे क्वेरी, जाते), ती प्रश्नकर्त्यांच्या स्वतःच्या लॉगिनवर आणि अकाउंटअ‍ॅडमिन या सर्वाधिकारी रोलवर चालते, आणि वेअरहाउस (स्नोफ्लेकमध्ये क्वेरी चालवणारी गणनेची यंत्रणा) मीडियम आकाराचे आहे. तक्रारी चार आहेत. सकाळी नऊ वाजता डॅशबोर्ड उघडायला फार वेळ लागतो. क्रेडिटचा (स्नोफ्लेकच्या आकारणीच्या एककाचा) खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आहे. 'आजचे संकलन' या चौकटीत सकाळी कालचेच आकडे दिसतात आणि दुपारी साडेबारानंतर ते आपोआप बरोबर होतात. आणि तालुक्यांच्या तक्त्यात कऱ्हाड दोनदा येते. यावर कनेक्टर (पॉवर बीआयला स्नोफ्लेकशी जोडणारा भाग) बदलावा का, की डॅशबोर्डचे साधनच दुसरे घ्यावे, असे विचारले आहे.

दोन्हींची गरज नाही. तुमचा कनेक्टर त्याचे काम नीट करतो आहे. सर्व्हरचे नाव आणि वेअरहाउसचे नाव भरले की ही जोडणी दहा मिनिटांत होते, आणि नेमकी त्यामुळेच तिच्यामागचे तीन निर्णय घ्यायचे राहून जातात: क्वेरी कोणाच्या नावाने जाणार, ती केव्हा जाणार आणि तिचा खर्च कोणत्या वेअरहाउसवर पडणार. संथपणा आणि खर्च या तुमच्या दोन तक्रारी या न घेतलेल्या निर्णयांतून आलेल्या आहेत. तिसरी टाइमझोनची आणि चौथी देवनागरी लिपीची आहे, आणि त्यांच्याकडे मी शेवटी येतो.

खर्चापासून सुरुवात करू, कारण तिथे हिशेब सरळ मांडता येतो. स्नोफ्लेकमध्ये साठवण आणि गणना वेगवेगळी असते. माहिती साठवायचे पैसे वेगळे आणि वेअरहाउस चालू असलेल्या वेळेचे क्रेडिट वेगळे. एक्स-स्मॉल वेअरहाउस तासाला १ क्रेडिट घेते, स्मॉल २, मीडियम ४ आणि लार्ज ८. आकारणी सेकंदावर होते, पण वेअरहाउस प्रत्येक वेळी सुरू होताना किमान ६० सेकंदांचे क्रेडिट लागतेच. वेअरहाउस रिकामे राहिल्यावर किती वेळाने बंद व्हावे हे ऑटो सस्पेंड या मूल्यावर ठरते, आणि कोणी बदलले नसेल तर ते ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे असते. आता तुमची सध्याची पद्धत पाहा. डायरेक्ट क्वेरीत कोणीही डॅशबोर्ड उघडला, एखादा तालुका निवडला किंवा तारीख बदलली की लगेच स्नोफ्लेककडे क्वेरी जाते. कार्यालयात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळेत कोणी ना कोणी दर ८-९ मिनिटांनी एवढे जरी केले, तरी तुमचे वेअरहाउस दिवसभर बंदच होत नाही. १० तास गुणिले ४ म्हणजे दिवसाला ४० क्रेडिट, आणि २६ दिवसांचे १,०४०. यातला बहुतेक वेळ ते वेअरहाउस काहीही न करता जागे असते.

हीच माहिती इम्पोर्ट पद्धतीने घेतली तर ती पॉवर बीआयच्या स्वतःच्या मेमरीत येते, आणि नंतर लोकांनी कितीही क्लिक केले तरी स्नोफ्लेककडे काहीच जात नाही. दिवसातून ८ रिफ्रेश (स्नोफ्लेकमधून माहिती नव्याने आणणे), प्रत्येकी ५ मिनिटांचे, आणि ऑटो सस्पेंड ६० सेकंदांवर आणलेले, असे धरले तर मीडियम वेअरहाउस दिवसाला ४८ मिनिटे चालेल. ते ३.२ क्रेडिट होतात, आणि महिन्याचे ८३.२. तुमच्या आकड्यांवर हे थोडे इकडेतिकडे होईल, पण फरक कोणत्या प्रतीचा आहे हे यावरून दिसते.

मग डायरेक्ट क्वेरी कधीच वापरू नये का? तसे माझे म्हणणे नाही. माहिती दर मिनिटाला बदलत असेल आणि पाहणारा माणूस त्या मिनिटाच्या आकड्यावर काही कृती करणार असेल, किंवा तपशील इतका अवाढव्य असेल की तो पॉवर बीआयमध्ये मावणारच नाही, तर ती पद्धत योग्य आहे. तुमच्याकडे मात्र दूध दिवसातून दोनदा येते. सकाळचे संकलन बल्क कूलरवर पोहोचून नोंदी स्नोफ्लेकमध्ये चढायला साडेनऊ वाजतात आणि संध्याकाळच्या नोंदी रात्री चढतात, असे तुम्हीच लिहिले आहे. जी माहिती दिवसातून दोनदा बदलते तिला दर क्लिकला विचारण्यात काहीच हशील नाही. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यावर दिवसाला ८ वेळापत्रकी रिफ्रेश मिळतात, प्रीमियमवर ४८. तुम्हाला प्रो पुरेसे आहे, फक्त प्रोमध्ये एका डेटासेटला १ जीबीची मर्यादा असते हे लक्षात ठेवून नको असलेले कॉलम आधीच गाळा. संकलन पावतीचा अनुक्रमांक, नोंद करणाऱ्या यंत्राचा क्रमांक असे कॉलम डॅशबोर्डवर कोणी पाहत नाही आणि मेमरी सर्वांत जास्त तेच खातात, कारण त्यांतले प्रत्येक मूल्य वेगळे असते.

रिफ्रेशच्या बाबतीत तुमच्या धंद्याची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर आकडे चुकतील. दर दहा दिवसांनी तुमच्याकडे दुधाचा पगार निघतो आणि तो निघेपर्यंत फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटखेरीज घन भाग) आणि लिटरच्या दुरुस्त्या होत राहतात. त्यामुळे इन्क्रिमेंटल रिफ्रेश (सगळे टेबल न आणता फक्त अलीकडचा भाग ताजा करणे) लावताना केवळ कालचा दिवस ताजा करून भागणार नाही. पाच वर्षे साठवा आणि शेवटचे पंधरा दिवस दर वेळी नव्याने घ्या, असे धोरण ठेवा. त्यासाठी रेंजस्टार्ट आणि रेंजएंड हे दोन पॅरामीटर तारीख-वेळ प्रकारचेच लागतात. फिल्टर लिहिताना एका टोकाला 'पेक्षा मोठे किंवा समान' आणि दुसऱ्या टोकाला नुसते 'पेक्षा लहान' असे ठेवा. दोन्हीकडे 'समान' ठेवले तर सीमेवरच्या नोंदी दोन्ही भागांत मोजल्या जातात आणि दूध वाढलेले दिसते. हा फिल्टर स्नोफ्लेकपर्यंत पोहोचतो की नाही हे पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमधल्या माहिती आणण्या-सुधारण्याच्या साधनात) त्या पायरीवर उजवे क्लिक करून मूळ क्वेरी पाहिली की कळते. तो पोहोचत नसेल तर पाच वर्षांचे टेबल दर वेळी खाली ओढले जाईल आणि वर मांडलेला हिशेब कोलमडेल. म्हणून माझा आग्रह असा, की जोडणी, गाळणी आणि नावांची साफसफाई स्नोफ्लेकमधल्या व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरीत) करावी आणि पॉवर क्वेरीत शक्य तितक्या कमी पायऱ्या ठेवाव्यात.

सकाळच्या संथपणाबद्दल तुम्ही वेअरहाउस लार्ज करण्याचा विचार करत आहात, तो थांबवा. डायरेक्ट क्वेरीत पानावरचे प्रत्येक व्हिज्युअल (तक्ता, आलेख यांसारखी चौकट) किमान एक क्वेरी पाठवते. तुमच्या पहिल्या पानावर १४ व्हिज्युअल आहेत आणि नऊ वाजता २० जण ते उघडतात, म्हणजे काही क्षणांत २८० क्वेरी. एका वेअरहाउसवर एका वेळी चालणाऱ्या क्वेरींची मूळ ठरलेली पातळी ८ आहे, आणि बाकीच्या रांगेत उभ्या राहतात. क्वेरी हिस्टरीमध्ये रांगेतला वेळ आणि प्रत्यक्ष चालण्याचा वेळ वेगवेगळा दिसतो, तो आधी पाहा. रांगेचाच वेळ मोठा असेल तर मोठे वेअरहाउस घेऊन प्रत्येक क्वेरी थोडी लवकर संपेल, पण रांग राहीलच, आणि दर तासाचे क्रेडिट दुप्पट होईल. इम्पोर्टवर गेल्यावर ही रांग मुळातच उरत नाही. तेव्हा रिफ्रेशसाठी डॅशबोर्डांपुरते वेगळे स्मॉल वेअरहाउस काढा, ऑटो सस्पेंड ६० ठेवा आणि त्यावर रिसोर्स मॉनिटर (क्रेडिटच्या मर्यादेवर नजर ठेवणारी सोय) लावा. वेअरहाउस वेगळे असले की डॅशबोर्डांचा खर्च किती आणि माहिती चढवण्याचा किती, हे महिनाअखेरीला कोणालाही विचारावे लागत नाही.

आता क्वेरी कोणाच्या नावाने जाते त्याविषयी. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक महिनोन्महिने दिसत नाही. एका संस्थेत मी हे जवळून पाहिले आहे. तिथले सगळे रिफ्रेश एका अभियंत्याच्या वैयक्तिक लॉगिनवर चालत होते. ते नोकरी सोडून गेले, त्यांचे खाते नियमाप्रमाणे बंद झाले आणि रिफ्रेश फसू लागले. सलग चार वेळा रिफ्रेश फसला की पॉवर बीआय त्याचे वेळापत्रकच थांबवते, आणि त्याची सूचना डेटासेटच्या मालकाला जाते. मालक म्हणजे तेच अभियंता. डॅशबोर्ड मात्र उघडत होता, रंगही तेच होते, आकडेही होते. ते ११ दिवसांपूर्वीचे आहेत हे खरेदी विभागाच्या एका कारकुनाने हातच्या वहीशी ताडून पाहिले तेव्हा समजले. त्या दिवसापासून प्रत्येक डॅशबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात 'माहिती कधीपर्यंतची' ही तारीख-वेळ मी न चुकता ठेवतो. ती संकलनाच्या टेबलातील शेवटच्या नोंदीवरून काढलेली असते. रिफ्रेशची वेळ तिथे दाखवून उपयोग नाही, कारण रिफ्रेश यशस्वी होऊनही मागून माहितीच आलेली नसू शकते.

तुमच्याकडे याच्या जोडीला अकाउंटअ‍ॅडमिन रोल आहे. डॅशबोर्डला वाचण्यापलीकडे कोणताही अधिकार नको. एक स्वतंत्र रोल करा, त्याला वेअरहाउसवर, डेटाबेसवर आणि स्कीमावर (डेटाबेसमधल्या टेबल-व्ह्यूंच्या गटावर) युसेज, म्हणजे वापरण्याचा अधिकार, द्या आणि अहवालांसाठी केलेल्या व्ह्यूंवर सिलेक्ट, म्हणजे वाचण्याचा अधिकार, द्या. मूळ टेबलांवर काहीही देऊ नका. नवीन व्ह्यू झाला की अधिकार द्यायचा राहून जातो, म्हणून त्या स्कीमातल्या पुढच्या व्ह्यूंसाठीचा अधिकारही आत्ताच देऊन ठेवा. पॉवर बीआयच्या कनेक्टरमध्ये प्रगत पर्यायांत रोलचे नाव लिहायला जागा असते, ती रिकामी सोडली तर वापरकर्त्याचा मूळ रोल धरला जातो. त्याच ठिकाणी नात्यांचे कॉलम समाविष्ट करण्याचा एक पर्याय आहे, तोही बंद ठेवा, तुम्हाला त्यांचा उपयोग नाही आणि टेबलांची यादी उघडायला वेळ लागतो.

लॉगिन मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी या ओळख तपासणाऱ्या सेवेवरून करा. नुसत्या पासवर्डवर चालणारे प्रवेश स्नोफ्लेक बंद करत आणत आहे, त्यामुळे जुनी सोय धरून बसण्यात अर्थ नाही. यासाठी स्नोफ्लेकमध्ये एक्स्टर्नल ओऑथ प्रकारचे (बाहेरच्या सेवेने तपासलेली ओळख मान्य करणारे) सिक्युरिटी इंटिग्रेशन एकदा तयार करावे लागते आणि स्नोफ्लेकमधल्या वापरकर्त्याचे लॉगिन नेम हे त्याच्या एन्ट्रामधल्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. बहुतेक ठिकाणी हे गाडे इथेच अडते. त्याशिवाय या मार्गाने येणाऱ्यांना अकाउंटअ‍ॅडमिन आणि सिक्युरिटीअ‍ॅडमिन हे रोल मुळातच मनाई असतात. तुमचा मूळ रोल अकाउंटअ‍ॅडमिन असल्यामुळे तुम्ही हे करायला जाल आणि प्रवेश नाकारला जाईल. तेव्हा बिघाड आहे असे समजू नका, मूळ रोल बदला आणि मूळ वेअरहाउसही नेमून द्या. रिफ्रेशसाठी विभागाच्या नावाचे वेगळे खाते असावे, त्याची जबाबदारी किमान दोघांकडे असावी, आणि रिफ्रेश फसल्याची सूचना दोघांनाही जावी. त्या खात्याचा पासवर्ड बदलला तर पॉवर बीआयमध्ये पुन्हा साइन-इन करावे लागते, हे त्या दोघांना लेखी देऊन ठेवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यातून खरोखर माहिती फुटू शकते. तालुका पर्यवेक्षकाला फक्त त्याच्या तालुक्याच्या उत्पादकांची बिले दिसावीत म्हणून तुम्ही स्नोफ्लेकमध्ये रो अ‍ॅक्सेस पॉलिसी लावली आहे. डायरेक्ट क्वेरी सिंगल साइन-ऑनसह चालत असेल तर पाहणाऱ्याची ओळख स्नोफ्लेकपर्यंत जाते आणि ती पॉलिसी त्या माणसाला लागू होते. इम्पोर्टमध्ये मात्र माहिती रिफ्रेश करणाऱ्या खात्याच्या ओळखीने एकदाच येते. त्या खात्याला सगळे तालुके दिसत असतील तर सगळे तालुके पॉवर बीआयमध्ये उतरतात, आणि तिथून पुढे स्नोफ्लेकच्या पॉलिसीचा काहीही संबंध राहत नाही. आज तुमच्या वैयक्तिक लॉगिनवर चालणाऱ्या डायरेक्ट क्वेरीतही नेमके हेच होत आहे: डॅशबोर्ड उघडणारा प्रत्येक जण तुमच्या डोळ्यांनी पाहतो. इम्पोर्टवर जाताना पॉवर बीआयमधली रो लेव्हल सिक्युरिटी लावा आणि पर्यवेक्षकाच्या ई-मेलशी तालुका जोडणारे छोटे टेबल स्नोफ्लेकमध्ये ठेवून तेच दोन्हीकडे वापरा, म्हणजे एखाद्याची बदली झाली की एकाच ठिकाणी दुरुस्ती होईल. ज्यांच्याकडे वर्कस्पेसमध्ये (पॉवर बीआयमधल्या सामायिक जागेत) संपादनाचे अधिकार आहेत त्यांना ही मर्यादा लागू होत नाही, म्हणून पर्यवेक्षकांना तिथे केवळ पाहण्याचा अधिकार द्या.

गेटवेविषयी, म्हणजे पॉवर बीआयची जोडणी तुमच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या प्रोग्रॅमविषयी, थोडक्यात. स्नोफ्लेक इंटरनेटवरून थेट मिळत असेल तर गेटवे लागत नाही. तुमच्या नेटवर्क पॉलिसीत ठरावीक आयपी पत्त्यांनाच प्रवेश असेल, तर कायम चालू असणाऱ्या एका विंडोज सर्व्हरवर गेटवे स्टँडर्ड मोडमध्ये बसवा आणि त्याच सर्व्हरचा पत्ता पॉलिसीत घाला. कोणाच्या लॅपटॉपवर तो बसवू नका.

'आजचे संकलन' सकाळी कालचे दिसण्याचे कारण तुम्ही दिलेल्या वेळेतच आहे. स्नोफ्लेकच्या खात्याचा टाइमझोन कोणी बदलला नसेल तर तो अमेरिकेतील लॉस एंजेलिसचा असतो. तुमच्या व्ह्यूमध्ये तारीख करंट डेटशी ताडली आहे, आणि हा करंट डेट त्या टाइमझोनप्रमाणे ठरतो. लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे आपल्या साडेबारापर्यंत स्नोफ्लेकच्या लेखी 'आज' म्हणजे कालचा दिवस असतो. नोव्हेंबरात तिथली घड्याळे मागे गेली की हीच वेळ दीड होईल. मागच्या हिवाळ्यातल्या तक्रारींच्या वेळा काढून पाहा, त्या दीडच्या आसपास सापडतील. इलाज म्हणून व्ह्यूमध्ये कन्व्हर्ट टाइमझोन वापरून एशिया/कोलकाता या नावाने तारीख काढा. संपूर्ण खात्याचा टाइमझोन बदलण्याआधी इतर कोणती कामे त्याच्यावर अवलंबून आहेत ते पाहावे लागेल, व्ह्यूमधला बदल मात्र आजच करता येतो. पुढे इम्पोर्टवर गेल्यावर 'आज' पॉवर बीआयच्या टुडे या फंक्शनने काढण्याचा मोह होईल. ऑनलाइन सेवेत ते यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे चालते, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला दिवस बदलतो. पहाटे पाचला डॅशबोर्ड पाहणाऱ्या चिलिंग सेंटरच्या माणसाला पुन्हा कालचाच दिवस दिसेल. म्हणून 'आज' एकाच ठिकाणी, स्नोफ्लेकच्या व्ह्यूमध्ये ठरवा, आणि पहिला रिफ्रेश सकाळचे काम सुरू होण्याआधी होईल असे पाहा.

राहिले कऱ्हाड. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात ही दोन्ही नावे डोळ्यांना अगदी सारखी दिसतात. पण लेंग्थ हे फंक्शन लावून पाहिले तर एकाची लांबी ६ येईल आणि दुसऱ्याची ७. पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात, म्हणजे 'कर्‍हाड' असे टंकलेल्यात, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह आहे. एका संगणकावरचा कीबोर्ड एक रूप देतो आणि दुसऱ्यावरचा दुसरे. काही ठिकाणी 'र' खाली नुक्ता देऊन तिसरेही रूप तयार होते. स्नोफ्लेक या सगळ्यांना वेगवेगळी नावे मानतो, म्हणून गटवारीत दोन ओळी येतात. अधिक गंभीर गोष्ट म्हणजे गावांच्या मुख्य टेबलाशी जोडताना त्यातली एक ओळ जुळतच नाही, आणि तिचे दूध 'रिकामे' या नावाखाली जाते. मराठी नावे माहितीत असणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटते, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ते सहसा लिहिलेले नसते. तात्पुरता उपाय व्ह्यूमध्ये रिप्लेस वापरून सर्व रूपे 'ऱ' वर आणणे हा आहे. कायमचा उपाय म्हणजे नावावर जोडणी करणे थांबवून केंद्र, गाव आणि तालुका यांच्या संकेतांकांवर ती करणे, आणि नाव फक्त दाखवण्यापुरते मुख्य टेबलातून घेणे. संकेतांकांत रोमन अक्षरे असतील तर ती सगळी मोठ्या लिपीत करून घ्या. स्नोफ्लेक लहान-मोठे अक्षर वेगळे मानतो, पॉवर बीआयचे मेमरीतले इंजिन मानत नाही, आणि त्या फरकामुळे मुख्य टेबलात एकच संकेतांक दोनदा आल्याची तक्रार करून रिफ्रेश अडतो.

हे सगळे एकदम बदलू नका. आधी व्ह्यूमधली तारीख आणि नावे दुरुस्त करा, ऑटो सस्पेंड ६० करा, मग रोल आणि खाते बदला, आणि शेवटी इम्पोर्टची प्रत वेगळ्या वर्कस्पेसमध्ये उभी करून जुन्या डॅशबोर्डशेजारी एक संपूर्ण पगाराचा दहावडा चालू द्या. त्या दहा दिवसांत रोज एकच केंद्र निवडून सकाळच्या पावत्यांची लिटरची बेरीज, स्नोफ्लेकमधली बेरीज आणि नव्या डॅशबोर्डवरचा आकडा असे तिन्ही शेजारी लिहून ठेवा. मोठी बेरीज जुळूनही आत चूक लपलेली असू शकते, म्हणून केंद्र रोज वेगळे घ्या, आणि त्यांतले निदान दोन दिवस कऱ्हाड तालुक्यातले असू द्या.